विंचवाचं दार, भुलीची कडी

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या या गडावर माणसं चालत येतात आणि आषाढीला इथली पालखीही चालतच पंढरपूरला जाते. समजा, याच वाटेवर खडीवरून एखाद्याचा पाय सरकला, घोटा मोडला आणि प्लेट-स्क्रू घालून हाड बसवावं लागलं. हाड जुळेल हो, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन रात्रींचा ठणका कसा आवरायचा? त्या उत्तराची सुरुवात मला विंचवाच्या नांगीत सापडते.

एकनाथांनी भारुडात काम-क्रोधाला विंचू केलं, कारण त्या कळा कशा असतात हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी अतिसूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतो आणि वेदनेचा निरोप विजेसारखा पुढे सरकतो. सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात ते दार पुन्हा बंद होतं. लाल विंचवाचं विष त्या दारात पाय घालून बसतं! दार मिटतच नाही आणि तंतू पुन्हापुन्हा निरोप धाडत राहतो.

पायाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन वापरतात. हे औषध आवरण ओलांडून तंतूच्या आत शिरतं आणि नेमक्या याच दाराला आतून कडी घालतं. विंचू जे दार उघडं ठेवतो, तेच भूल बंद करते. विंचू चावलेल्या बोटाभोवती डॉक्टर बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, ते याच कारणाने.

ही कडी घालताना पाहणं विलक्षण असतं. पावलाला पाच मज्जातंतू येतात. त्यांतले चार मांडीमागून उतरणाऱ्या सायटिक या एकाच जाड मज्जातंतूच्या शाखा आहेत. गुडघ्यामागच्या लवणीत सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की पडद्यावर तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. सुई त्याच्याजवळ जाते, औषध सुटतं आणि पोळ्याभोवती काळं कडं पसरत जातं. पाचवा तंतू घोट्याच्या आतल्या बाजूला येतो, मांडीच्या पुढच्या वाटेने. त्याला वेगळं इंजेक्शन लागतं. थोड्या वेळाने रुग्ण आपल्याच अंगठ्याकडे बघत राहतो. 'हल' म्हटलं तरी तो हलत नाही.

पण कडी कायमची नसते. बहुधा १२ ते २४ तासांत ती निघते, अनेकदा ऐन मध्यरात्री. इतका वेळ अडून राहिलेली वेदना मग एकदम उसळते. जखम तर सतत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करत असते आणि त्यांनी तंतूंची टोकं हळवी होतात. पुढे मज्जारज्जूतही निरोपाचा आवाज वाढवला जातो. म्हणजे वेदनेच्या वाटेवर अनेक मुक्काम आहेत आणि एकाच मुक्कामावर पहारा बसवून भागत नाही.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट आणि त्यांचे सहकारी यॉर्गन डाल यांनी १९९३ मध्ये हाच विचार नेटकेपणाने मांडला: वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधं एकत्र द्या, म्हणजे प्रत्येकाचा डोस कमी लागेल आणि त्रासही कमी होईल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक जखमेतलं प्रोस्टाग्लँडिन घटवतात. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. ट्रॅमाडॉल, मॉर्फिनसारखी औषधं मज्जारज्जू-मेंदूतला निरोप दाबतात, पण मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी आणतात. जास्त झाली तर श्वासही मंदावतो. बाकीच्यांनी भार उचलला की ही शेवटची थोडीच पुरतात. पालखीला खांदेकरी जास्त असले की कुणाचाच खांदा सोलवटत नाही, तसंच हे.

घरचे उपायही यात मोलाचे आहेत. घडी केलेल्या गोधड्यांवर पाय छातीपेक्षा उंच ठेवला की सूज ओसरते आणि ठणका उतरतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. बधिर कातडीला गारठा कळत नाही, म्हणून घड्याळ बघून. ठेच लागली की आपण आपसूक अंगठा चोळतो. त्यामागचं कारण वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये सुचवलं: स्पर्शाचे निरोप मज्जारज्जूच्या वेशीवर वेदनेची वाट अडवतात.

मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण सगळ्याच गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. बोटं निळी-पांढरी पडली, प्लॅस्टर आवळू लागलं किंवा औषध घेऊनही वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि त्या रात्री अंगठ्याकडे लक्ष ठेवावं. मुंग्या आल्या, अंगठा जरासा हलला, म्हणजे कडी निघू लागली. ठरलेली गोळी त्याच्या आधीच पोटात गेलेली असावी. दार उघडेल तेव्हा पुढच्या प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी जागं असलं पाहिजे.