पेपर संपला, धडधड का संपत नाही?

मे महिन्यात 'नीट' देऊन आलेली जयसिंगपूरची मुलं दुसऱ्या दिवशीही पहाटेच उठतात आणि उत्तरं पडताळत बसतात. घरचे म्हणतात, "आता तरी निवांत झोप की!" पण ते त्यांच्या हातात नसतं. शरीराचं घड्याळ वर्षभराच्या पहाटेच्या सवयीला एका रात्रीत विसरत नाही.

मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. निकाल अजून लागलेला नसतो! २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला ४५ जणांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे का, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसणारच, हे ठाऊक असताना ताण तुलनेनं कमी होता. शक्यता निम्मी-निम्मी असताना मात्र घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मोजलेला ताण सर्वाधिक भरला.

'नीट'नंतरचे दिवस असेच अधांतरी जातात. आधी निकाल, मग कटऑफ, मग प्रवेशफेऱ्या. म्हणून पाहुण्यांनी "किती पडतील?" हे विचारणं कृपा करून थांबवावं. त्यापेक्षा पोरांना संध्याकाळी नरसोबाच्या वाडीला घेऊन जावं, आणि तिथे मार्कांचा विषय काढू नये.