घराण्यातली साखर, ताटातली साखर

प्रतापनगरातल्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य नेहमी कानी पडतं. ‘डॉक्टरसाहेब, वडिलांना शुगर होती, आजोबांनाही होती. मला होणारच. मग पथ्य कशाला?’ आणि कधी एखादी आई डोळे पुसत विचारते, ‘माझ्याच खाण्यापिण्यात काही चुकलं म्हणून पोराला सिकलसेल झाला का हो?’ एक जण सगळं नशिबावर टाकतो, दुसरी सगळा दोष स्वतःवर घेते. दोघांचाही हिशेब चुकतो.

आधी त्या आईचं पाहू. सिकलसेल आपल्याकडे नवा नाही. मध्य भारतातल्या या दोषाविषयी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात बारीकसा बदल होतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. त्यात आईच्या खाण्याचा काडीचाही संबंध नाही. मात्र भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, लसी आणि हायड्रॉक्सियुरियासारखं औषध यांनी वेदनेचे झटके कमी होतात. आजार जनुकाने दिला, तरी त्याचं पुढचं आयुष्य बरंचसं काळजीवर अवलंबून असतं.

मधुमेहाचं तसं नाही. तिथे एक जनुक नसतं. अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून ‘मी तर बारीक आहे’ यावर आपण विसंबू नये. शिवाय वडिलांकडून जनुकं येतात, तशा सवयीही येतात. सकाळचे तर्री पोहे, जेवणानंतरचं गोड आणि दिवसभराची खुर्ची, हाही वारसाच.

मग पथ्याने काही होतं का? होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीसारखं जगणाऱ्या शंभरांतल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं सांभाळायला शिकवलेल्या गटात हा आकडा ३९ होता. म्हणजे शंभरांतले सोळा वाचले.

पण ते ३९ जण? त्यांना आळशी म्हणायचं का? मुळीच नाही. माझी आई मधुमेही होती. मी वर्षानुवर्षं पहाटे चालतो, तरी पन्नाशीत माझीही साखर वाढलीच. ‘मग चालून काय मिळालं?’ असं एका स्नेह्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘कदाचित काही वर्षं मिळाली. आणि आज कमी गोळ्यांत भागतं.’

तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल, तर तिशीनंतर साखर तपासत जा. लग्नाआधी दोघांचीही सिकलसेलची तपासणी करून घ्या. आणि घरात कुणी आजारी पडलं, तर ‘तुझंच चुकलं’ एवढं मात्र म्हणू नका.