कातळावरचे मरुवन : जोधपूरचे राव जोधा उद्यान

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर जागेत पसरलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे मरुभूमीतील वनस्पतींना वाहिलेले उद्यान असले, तरी तेथे वाळूपेक्षा उघडा कातळच जास्त दिसतो. हा कातळ मुख्यतः ऱ्हायोलाइट, म्हणजे सिलिकाचे प्रमाण अधिक असलेल्या दाट लाव्ह्यापासून बनलेला खडक असून, त्याचे वय 70 कोटी वर्षांहून अधिक मानले जाते. विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात जमिनीखाली असलेला बेसॉल्टही लाव्ह्याचाच. मात्र तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि झिजून कापसाची काळी माती देतो. ऱ्हायोलाइट फार सावकाश झिजत असल्याने त्यावर माती जेमतेम साठते आणि मुळांना आधार मिळतो तो केवळ भेगांचा. त्यात जोधपूरचा पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे यवतमाळच्या निम्म्याहूनही कमी.

मेहरानगड म्युझियम ट्रस्टने 2006 मध्ये वृक्षअभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्याकडे उद्यान उभारण्याचे काम सोपवले, तेव्हा ही जागा वेडी बाभूळ या मूळच्या अमेरिका खंडातील काटेरी झाडाने व्यापलेली होती. 1930 च्या दशकात जोधपूर संस्थानात तिचे बी विमानातून विखुरले गेले, असे सांगितले जाते. ओसाड दिसणारा मुलूख लवकर हिरवा व्हावा, हा त्यामागचा हेतू. हे झाड दुष्काळात तगते, जनावरे त्याच्या शेंगा आवडीने खातात आणि शेणावाटे बी दूरवर नेतात. शिवाय ते तोडले तरी बुंध्याच्या जमिनीखालील भागातून नवे फुटवे येत राहतात. विदर्भात जुन्या गावठाणांच्या कडेला आणि नाल्याकाठी वेडी बाभूळ पाहिलेल्या माणसाला या चिवटपणाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

कातळात रुतलेला हा बुंधा मुळापासून काढणे हेच उद्यानापुढचे पहिले आणि सर्वांत कठीण काम होते. कुऱ्हाड अपुरी पडत होती, आणि सुरुंग लावावा तर शेजारी किल्ला होता. अखेर ते काम जोधपूर परिसरातील पिढीजात खाणकामगारांनी, म्हणजे खंडवालिया लोकांनी केले. हातोडीने खडकावर ठोका द्यायचा, उमटणाऱ्या आवाजावरून भेग कुठे व कशी गेली आहे ते ओळखायचे आणि तेथे छिन्नी लावून फुटवा येणारा भाग पूर्ण निघेपर्यंत खोदत जायचे, ही त्यांची रीत. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नसलेल्या या कानाच्या विद्येवर हे उद्यान उभे आहे, आणि त्याच्या निर्मितीच्या श्रेयात तिचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागेल. खोदून उरलेले खड्डेही वाया गेले नाहीत. थर वाळवंटाच्या खडकाळ भागांत आपसूक वाढणाऱ्या झाडाझुडपांचे बी गोळा करून रोपे तयार करण्यात आली आणि ती याच खड्ड्यांत लावली गेली.

या वनस्पतींत थोर सर्वांत ठळकपणे नजरेत भरतो. कॅक्टससारखा दिसला तरी तो शेर आणि त्रिधारी निवडुंगाचा सगोत्र, म्हणजे चिकाळ वर्गातला आहे. खोड खुडताच पांढरा दाट चीक ओघळतो. पाने पावसाळ्यापुरती येतात आणि एरवी हिरवे मांसल खोडच अन्न तयार करते, त्यामुळे पानांवाटे होणारी पाण्याची हानी टळते. त्याच्या काटेरी जाळीत शेळीचे तोंड पोचत नाही, म्हणून इतर झाडांची कोवळी रोपेही तेथे जीव धरतात. कुमट, पिलू, गुग्गुळ आणि केर यांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. केर तर पानांचा संसार जवळजवळ सोडूनच देतो आणि हिरव्या फांद्यांवर जगतो.

2011 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीतील माहिती केंद्रापासून निघणाऱ्या पायवाटांपैकी एक कातळात खोदलेल्या जुन्या कालव्यातून जाते, आणि तेथे दोन्ही बाजूंच्या कापांत खडकाचे थर अगदी हाताशी येतात. खरा बहर पावसाळ्यात व त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत असतो. वर्षभर बीजरूपाने पडून राहिलेल्या अल्पायुषी वनस्पती तेवढ्या अवधीत उगवतात, फुलतात आणि पुन्हा बी टाकून संपतात. उन्हाळ्यात जाणाऱ्याला हे सारे रखरखीत वाटेल, परंतु तो रखरखाटही तितकाच पाहण्याजोगा आहे, कारण पाने गळल्यावरच या झाडांची घडण उघडी पडते.

रुई आणि हिंगणबेट या उद्यानातही आहेत आणि यवतमाळच्या बरड जमिनीवरही. विदर्भात मात्र अशा जमिनीची सरकारी व बोली दोन्ही भाषांत ‘पडीक’ अशी नोंद होते, आणि वनीकरणाच्या नावाखाली तेथे बहुधा बाहेरचीच झाडे लावली जातात. जोधपूरला हिरवाईच्या याच घाईची किंमत कित्येक दशकांनी छिन्नी-हातोडीने फेडावी लागली. तेथील काम अजूनही पूर्ण झालेले नाही, कारण सभोवतालच्या रानातून वेड्या बाभळीचे बी येतच राहते आणि कोवळे रोप भेगेत मूळ धरण्याआधीच उपटावे लागते.