मेक्सिकोचे न्यायाधीश कोणाचे ऋणी?

मेक्सिको शहर, सप्टेंबर 2025

येथील सर्वोच्च न्यायालयाची इमारत सोकालो या विस्तीर्ण चौकाच्या कडेस, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या अगदी शेजारी उभी आहे. होसे क्लेमेन्ते ओरोस्को या थोर चित्रकाराने 1941 साली तिच्या भिंतींवर जी भित्तिचित्रे रंगविली, त्यांतील न्यायदेवता हातात तराजू घेऊन दक्ष बसलेली नाही. ती आसनावरच पेंगत आहे आणि तिच्या डोळ्यांदेखत तोंडे झाकलेल्या चोरट्यांनी धुमाकूळ मांडला आहे. मेक्सिकन माणसाच्या मनात आपल्या न्यायसंस्थेविषयी जी जुनी कैफियत आहे ती या चित्राने जशी मांडली, तशी कोणत्याही वकिलाला मांडता आलेली नाही. या महिन्याच्या पहिल्या तारखेस याच इमारतीत मतपेटीतून निवडून आलेल्या नऊ न्यायाधीशांनी सूत्रे हाती घेतली, त्या वेळी मूलनिवासी समाजांच्या ज्येष्ठांनी कोपालच्या धुपात त्यांच्या हाती अधिकारदंड दिले. हा प्रकार कसा घडून आला, हे समजण्यासाठी वाचकांना एक वर्ष मागे न्यावे लागेल.

राष्ट्राध्यक्ष आन्द्रेस मान्युएल लोपेस ओब्रादोर यांनी 5 फेब्रुवारी 2024 रोजी घटनादुरुस्तीचा जो मसुदा कायदेमंडळाकडे पाठविला, त्याचा मथितार्थ असा की, सर्वोच्च न्यायालयापासून जिल्हा न्यायालयापर्यंत संघराज्याचा प्रत्येक न्यायाधीश जनतेने थेट मतदानाने निवडावा. जूनमधील सार्वत्रिक निवडणुकीत त्यांच्या मोरेना पक्षाला आणि त्याच्या मित्रपक्षांना घवघवीत यश मिळाले, आणि सप्टेंबरच्या आरंभी नवे कायदेमंडळ बसताच, जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीचा अखेरचा महिना सरण्यापूर्वीच, हा मसुदा चर्चेस घेण्यात आला. न्यायालयीन कर्मचारी ऑगस्टपासून संपावर होते. त्यांनी प्रतिनिधिगृहाची दारे अडविली. तेव्हा सदस्यांनी आपले बिऱ्हाड एका क्रीडासंकुलात हलविले आणि 1968 च्या ऑलिंपिकमध्ये जेथे तलवारबाजीचे सामने झाले होते त्या सभागृहात रात्रभर बैठक चालवून पहाटे 359 विरुद्ध 135 मतांनी मसुदा मंजूर केला.

सेनेटमध्ये मात्र प्रसंग बाका होता. तेथील 128 जागांपैकी दोनतृतीयांश म्हणजे 86 मते हवी होती आणि सत्तापक्षाकडे एक मत कमी होते. 10 सप्टेंबर रोजी निदर्शक थेट सभागृहात घुसले, बैठक तहकूब झाली आणि सदस्य जुन्या शहरातील शिकोतेन्कात्ल रस्त्यावरच्या पूर्वीच्या सेनेटगृहात जाऊन बसले. वेराक्रूझचे विरोधी सेनेटर मिगेल आंखेल युनेस मार्केस यांनी प्रकृतीच्या कारणावरून रजा घेतली, त्यांच्या जागी बदली सदस्य म्हणून त्यांच्या वडिलांनी शपथ घेतली, आणि रात्री पुत्राने परत येऊन आपले मत सरकारच्या पारड्यात टाकले. ‘गद्दार, गद्दार’ असा एकच गिल्ला झाला. मध्यरात्र उलटून गेल्यावर 86 विरुद्ध 41 असा निकाल जाहीर झाला, आणि राज्यांच्या कायदेमंडळांनी इतक्या लगबगीने संमती दिली की 15 तारखेस दुरुस्ती जारीही झाली.

या वादात सरकारपक्षाचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते, असे मी लिहिणार नाही. न्यायालयांत वशिलेबाजी आहे, एकाच कुळातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या हुद्दे भूषवितात, गरिबाची फिर्याद दप्तरात धूळ खात पडते आणि धनिकाच्या करचुकवेगिरीला मात्र स्थगितीचे कवच तत्काळ लाभते, हा आरोप त्या रात्री वारंवार झाला आणि त्याचे समाधानकारक उत्तर विरोधकांना देता आले नाही. ते कोठून देणार? 1994 च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सेदियो यांनी सर्वोच्च न्यायालयाचे 26 न्यायाधीश एका फटक्यात घरी पाठवून त्यांच्या जागी 11 जणांचे न्यायालय उभारले, तेव्हा त्या दुरुस्तीस संमती देणारे पक्षच आज विरोधी बाकांवर बसून न्यायसंस्थेच्या पावित्र्याची ग्वाही देत होते. राष्ट्राध्यक्षांनी तीन नावे सुचवावीत आणि सेनेटने त्यांतून एकाची निवड करावी, या तेव्हापासूनच्या शिरस्त्यातही पक्षापक्षांची देवघेव चालतच आली होती. निवडणुकीची कल्पनाही या देशाला परकी नव्हे, कारण 1857 च्या घटनेनुसार सर्वोच्च न्यायालयाचे सदस्य अप्रत्यक्ष मतदानानेच सहा वर्षांसाठी निवडले जात, आणि ज्यांचे नाव येथे प्रत्येक गावाच्या चौकाला दिलेले असते ते बेनितो हुआरेस याच मार्गाने न्यायालयाचे अध्यक्ष आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्या दोन रात्रींच्या कोलाहलात त्याचा नीट विचार झालाच नाही. न्यायाधीशाला कोणी नेमले, यावर उभयपक्षी वाग्युद्ध झाले. परंतु नेमणूक झाल्यावर त्याला पुन्हा कोणाच्या दारी जावे लागते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. जुन्या व्यवस्थेतील सर्वोच्च न्यायाधीशाची मुदत 15 वर्षांची असे आणि ती एकदाच मिळे. म्हणूनच नोव्हेंबर 2024 मध्ये या दुरुस्तीचा काही भाग रद्दबातल ठरवावा असा निर्णयाचा मसुदा ज्यांनी न्यायालयापुढे ठेवला, ते हुआन लुईस गोन्सालेस आल्कान्तारा कार्रान्का हे स्वतः लोपेस ओब्रादोर यांनीच सुचविलेले न्यायाधीश होते. आठ मतांची आवश्यकता असताना सातच मिळाली आणि तो प्रयत्न फसला, हा भाग निराळा. नेमणाऱ्याच्या उपकारातून मोकळा झालेला माणूस काय करू शकतो, हे त्यातून दिसले. उलट दुरुस्त झालेल्या घटनेत जिल्हा न्यायाधीशाला नऊ वर्षांनी पुन्हा मतदारांपुढे उभे राहता येते, आणि त्याच्या डोक्यावर पाच सदस्यांचे शिस्तपालन न्यायाधिकरण बसविले आहे, ज्याच्या निर्णयाविरुद्ध कोठेही दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयातील नऊ जणांची चिंता मला तितकीशी वाटत नाही. एखाद्या सीमावर्ती जिल्ह्यात तस्करांच्या टोळीविरुद्ध किंवा राज्यपालाच्या आप्ताविरुद्ध निकाल लिहिण्यास बसलेला जो एकाकी न्यायाधीश आहे, त्याच्या लेखणीची काळजी वाटते.

24 मे 1949 रोजी भारताच्या घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीचा प्रश्न उपस्थित झाला असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमणुकीची निरंकुश सत्ता कार्यकारी शासनाच्या हाती देण्यासही हरकत घेतली, ती कायदेमंडळाच्या संमतीवर सोपविण्यासही घेतली आणि एकट्या सरन्यायाधीशाला नकाराधिकार देण्यासही घेतली, कारण सरन्यायाधीशही अखेर विकारवश मनुष्यच असतो. इतकी सावध, तिन्ही बाजूंनी पारखून घेणारी चिकित्सा मेक्सिकोच्या कायदेमंडळात कोणी केली असती, तर तिला श्रोते मिळाले नसते असे मला वाटत नाही. तिला वेळच दिला गेला नाही.

दुरुस्तीची अंमलबजावणीही त्याच घाईची द्योतक ठरली. 12 ऑक्टोबर 2024 रोजी सेनेटमध्ये सोडतीचे फिरते भांडे आणण्यात आले आणि त्यातून निघणाऱ्या क्रमांकांच्या चेंडूंनी ठरविले की पहिल्या फेरीत कोणत्या न्यायाधीशांच्या जागा निवडणुकीस काढायच्या. परीक्षा देऊन, पायरी-पायरीने चढून ज्यांनी हुद्दा मिळविला होता त्यांच्या भवितव्याचा निर्णय असा झाला. उमेदवारीसाठी कायद्याची पदवी, तीन पानांचा निबंध आणि शेजारीपाजारी किंवा सहकारी यांची पाच शिफारसपत्रे मागविण्यात आली. 1 जून 2025 रोजी मतदाराच्या हाती संघराज्याच्या न्यायालयांसाठी सहा रंगांच्या सहा मतपत्रिका पडल्या. केवळ सर्वोच्च न्यायालयाच्या जांभळ्या मतपत्रिकेवर 64 नावे होती, आणि त्यांतून पसंतीच्या उमेदवारांचे क्रमांक चौकटींत स्वहस्ते लिहावयाचे होते. कोणत्या चौकटीत कोणता क्रमांक लिहावा हे सांगणारे छापील घडीचे कागद आधीच देशभर फिरले होते, आणि त्यांतील बहुप्रसृत कागदांवर जी नऊ नावे होती तीच नऊ माणसे सर्वोच्च न्यायालयावर निवडून आली. मतदान सुमारे 13 टक्के झाले. निवडणूक आयोगाच्या परिषदेने निकाल वैध ठरविला तोही सहा विरुद्ध पाच अशा काठावरच्या मतांनी.

या निकालातून न्यायालयाच्या अध्यक्षपदी आलेले ऊगो आगिलार ओर्तिस हे ओआहाका प्रांतातील मिश्तेक समाजाचे विधिज्ञ आहेत. हुआरेस यांच्यानंतर मूलनिवासी समाजातील व्यक्ती या आसनावर बसत आहे, याचा येथील सामान्य जनांस झालेला आनंद खरा आहे आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही परदेशी पत्रलेखकास नाही. पण या न्यायालयापुढे पहिला असा खटला येईल की ज्यात सरकारचे हित एका बाजूस आणि एखाद्या निराधार नागरिकाचा हक्क दुसऱ्या बाजूस असेल, तेव्हा ते घडीचे कागद कोणी छापले होते हा प्रश्न येथील वकील मंडळी पुन्हा विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार असेल. खालच्या न्यायालयांतील उरलेल्या जागांची निवडणूक 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे 2027 साली, कायदेमंडळाच्या निवडणुकीबरोबर, त्याच दिवशी व्हावयाची ठरली होती.