दुसऱ्यांदा लवकर का? अक्षरजुळणी आणि कॅशे

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत एकाच पानाचा मजकूर जुळवायचा असला, तरी पहिले अक्षर पानावर बसण्यापूर्वी संगणकाला अनेक फाइली शोधून वाचाव्या लागतात. संगणक नुकताच सुरू केला असेल, तर हे काम रेंगाळते. लगेच पुन्हा चालवले, तर तेच काम बरेच लवकर होते.

याचे पहिले कारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. फिरत्या हार्ड डिस्कवरून माहितीचा एखादा तुकडा मिळायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीवरून सुमारे ०.१ मिलिसेकंद, तर मेमरीतून सेकंदाचा केवळ एककोट्यांश भाग. म्हणून वाचलेल्या फाइलीची प्रत सिस्टिम मोकळ्या मेमरीत ठेवते. या साठ्याला कॅशे म्हणतात. संगणक बंद केला, की तो पुसला जातो.

अक्षरजुळणीच्या प्रणालीचे स्वतःचे साठे मात्र डिस्कवर टिकतात. लाटेकच्या मुळाशी असलेली टेक् ही प्रणाली डोनाल्ड नुथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली. पहिला साठा आज्ञांचा. मूलभूत आज्ञा आणि शब्द तोडण्याचे नियम दर वेळी नव्याने वाचावे लागू नयेत, म्हणून टेक् ते एकदाच वाचून मेमरीतली तयार स्थिती 'फॉरमॅट' फाइलीत जपून ठेवते. एक्सपीएल३ हा आज्ञांचा मोठा संच दर वेळी वाचण्यात बराच वेळ जाई. २०२० मध्ये तो लाटेकच्या फॉरमॅटमध्येच आला आणि हा वेळ वाचला.

दुसरा साठा नावांचा. टेक्, लाटेक आणि त्यांची पूरक पॅकेजे एकत्र देणाऱ्या संपूर्ण टेक् लाइव्ह संचात लाखाहून अधिक फाइली असतात. प्रत्येक फोल्डर धुंडाळण्याऐवजी 'एलएस-आर' या तयार यादीत फाइलीचा पत्ता मिळतो.

तिसरा साठा फाँटचा. देवनागरी ओपनटाइप फाँटमध्ये जोडाक्षरांचे आणि मात्रांच्या जागांचे तक्ते असतात. लाटेकचेच एक रूप असलेले लुआलाटेक ते पहिल्या वापराच्या वेळी उलगडून साठवते. त्यामुळे नव्या फाँटने मराठी मजकूर पहिल्यांदा जुळवताना वेळ लागतो, पुढे लागत नाही.

मूळ फाइल बदलली, की साठाही बदलावा लागतो. मेमरीतल्या प्रतींची काळजी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः घेते. लाटेकची नवी आवृत्ती आल्यावर मात्र फॉरमॅट पुन्हा बांधावा लागतो. मुख्य संचात एखादे पॅकेज हाताने टाकल्यास 'टेकहॅश' ही आज्ञा देऊन यादी ताजी करावी लागते. नाहीतर डिस्कवर असलेली फाइलही प्रणालीला सापडत नाही.