यो-यो टेस्टवाले प्रोफेसर आणि आपलं दुकान



दर आठवड्याला हा प्रश्न येतोच. "सर, नोकरी चालू ठेवून धंदा करू का? घरचे म्हणतात, दोन होड्यांवर पाय ठेवू नकोस." मी दुकान सांभाळून ट्रेनिंग घ्यायला लागलो तेव्हा आमचे काका स्पष्टच म्हणाले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या. गप दुकानात बस की!"

आज अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्यानं आयुष्यभर दोन होड्या चालवल्या. नाव आहे येन्स बँग्सबो, देश डेन्मार्क.

तुम्ही त्यांना ओळखत नसाल, पण त्यांचं काम ओळखता. 2017 मध्ये भारतीय क्रिकेटपटूंच्या यो-यो टेस्टची चर्चा टीव्हीवर चालली होती, आठवतं? पास व्हायला 16.1 लागायचे. ती टेस्ट क्रिकेटवाल्यानं बनवलेली नाही. ती 1990 च्या दशकात बनवली बँग्सबोंनी, आणि तीही फुटबॉलसाठी.

मैदान आणि प्रयोगशाळा

बँग्सबो स्वतः डेन्मार्कच्या वरच्या श्रेणीत 400 हून जास्त फुटबॉल सामने खेळले. दुसरीकडे कोपनहेगन विद्यापीठात व्यायामशास्त्राचे प्रोफेसर झाले. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधसुद्धा फुटबॉलपटूच्या शरीरावरच होता. पुढे 2001 ते 2004 ते इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या प्रशिक्षकांच्या टीममध्ये होते. तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते मार्चेलो लिप्पी. त्या काळात युव्हेंटसनं लागोपाठ दोनदा इटलीची लीग जिंकली आणि 2003 मध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली. ती फायनल मात्र पेनल्टीवर मिलानकडून हरले.

आता नीट बघा. दोन कामं होती, पण विषय एकच. मैदानात पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत जायचा आणि तिथलं उत्तर परत मैदानात यायचं. एक होडी दुसरीला ओढत होती. काकांचं म्हणणं चूक नव्हतं, पण ते अर्धंच होतं. दोन कामं वाईट नसतात. एकमेकांना खाणारी दोन कामं वाईट.

सरासरी फसवते

फुटबॉलपटू 90 मिनिटांत साधारण 10-11 किलोमीटर अंतर कापतो. हिशोब केला तर ताशी 7 किलोमीटरच्या आसपास. हे तर आपल्या कॉलनीतले जॉगिंगवाले काकाही करतात! मग खेळाडू दमतो का? कारण तो एका वेगानं पळतच नाही. चालतो, थांबतो, मध्येच जिवाच्या आकांतानं धावतो, परत थांबतो. बँग्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामने मोजून दाखवलं, की सगळ्यात जोरदार पाच मिनिटांनंतरच्या पाच मिनिटांत खेळाडूचं वेगात धावणं सरासरीच्याही खाली जातं.

म्हणून यो-यो टेस्ट तशी आहे. 20 मीटर जा, 20 मीटर परत या, मग फक्त 10 सेकंद विश्रांती. बीप वाजला की परत पळायचं, आणि वेग वाढत जातो. दुसऱ्यांदा बीप चुकला की बाहेर. इथे नुसता वेग बघत नाहीत, दम किती लवकर परत येतो ते बघतात.

हे वाचलं तेव्हा मला माझं दुसरं वर्ष आठवलं. स्टेशनरीचं दुकान, जून महिना. शाळा उघडल्या, गल्ला भरभरून. वर्षाची सरासरी काढली तर सगळं छान. पण एका शाळेची मोठी ऑर्डर उधारीवर दिली होती आणि होलसेलरचं पेमेंट जुलैत द्यायचं होतं. शाळेचे पैसे आले दिवाळीला. जुलैत आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या तेव्हा दुकान वाचलं. विक्री कमी नव्हती मित्रांनो, दम परत यायला वेळ लागत होता. तेव्हापासून मी विक्रीच्या शेजारी दुसरा आकडा लिहितो: माल विकल्यापासून पैसा हातात यायला किती दिवस लागले.

जास्त तास म्हणजे जास्त धंदा?

2012 मध्ये बँग्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं '10-20-30' नावाची पद्धत मांडली. 30 सेकंद हळू, 20 सेकंद मध्यम, 10 सेकंद पूर्ण जोरात. सराव असलेल्या धावपटूंनी सात आठवडे असं केलं. त्यांचं एकूण धावणं जवळपास निम्म्यावर आलं, तरी 1500 मीटरची वेळ सुधारली.

मी सकाळी 8 ते रात्री 10 दुकान उघडं ठेवायचो. एक महिना तासातासाची विक्री लिहिली, तर दुपारी 2 ते 4:30 जवळजवळ माशाच मारत होतो. मग ती वेळ दुकान बंद ठेवून ट्रेनिंगची तयारी सुरू केली. दुसरी होडी तिथून निघाली. पण "काम कमी करा" असा अर्थ काढू नका हं. त्या धावपटूंचे 10 सेकंद खरंच जिवाच्या आकांताचे होते.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली, टेस्ट म्हणजे खेळ नाही. यो-यो पास झालेला प्रत्येक जण शतक ठोकत नाही. क्रिकेट बोर्डानंही 2023 मध्ये यो-यो परत आणली, तेव्हा सोबत डेक्सा स्कॅन जोडला. आपलंही तसंच, एका आकड्यावर धंदा जोखू नका.

दुसरी, बँग्सबोंच्या पाठीशी विद्यापीठाची नोकरी होती. आपलं भांडवल घरातलं असतं. म्हणून नोकरी असेल तर घाईनं सोडू नका. आधी विचारा, नोकरीत शिकलेलं धंद्यात वापरता येतं का? येत असेल तर दोन्ही चालू द्या. येत नसेल तर एक दिवस निवडावं लागेलच.

या आठवड्याचं काम: मागच्या दहा उधाऱ्या काढा. प्रत्येकीपुढे पैसे यायला लागलेले दिवस लिहा. जिथे आकडा सगळ्यात मोठा, तिथेच तुमचा दम तुटतोय.

वही उघडा, आजच लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!