अटी लागू: फोन, कंपनी आणि आपला भाबडा संशय

कंपन्यांवर विश्वास ठेवताना आपण जितके चुकतो, तितकेच त्यांच्यावर संशय घेतानाही चुकतो. ‘फोन आपलं सगळं बोलणं ऐकतो’ हे ज्यांना पक्कं ठाऊक असतं, तेच लोक ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेला फोन बिनधास्त नळाखाली धरतात. मोठ्या कंपनीला धडधडीत खोटं बोलायची गरज क्वचितच पडते. खोक्यावरचा एखादा भारदस्त इंग्रजी शब्द आणि जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली अट, एवढ्यावर तिचं भागतं. बाकीचं आपण स्वतःच समजून घेतो, आणि तेही आपल्या सोयीचं.

‘आयपी ६८ आहे, पावसाचं काय घेऊन बसलात!’

खोक्यावर बहुतेक वेळा ‘वॉटरप्रूफ’ असं छापलेलंच नसतं. असतं ते ‘वॉटर रेझिस्टंट’, म्हणजे पाण्याला काही काळ, काही मर्यादेपर्यंत दाद न देणारं. वॉटरप्रूफ हा शब्द दुकानदार वापरतो आणि आपण. त्याच्या शेजारचा ‘आयपी ६८’ हा आंतरराष्ट्रीय मानकातला संकेतांक. त्यातला ६ धुळीसाठी, म्हणजे धूळ आत शिरत नाही. पुढचा ८ पाण्यासाठी. खरी मेख याच आठात आहे. सातचा अर्थ ठरलेला आहे: १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आठचा अर्थ मात्र ‘त्याहून कठोर चाचणी’ एवढाच, आणि किती खोल, किती वेळ हे उत्पादकाने स्वतः सांगायचं. म्हणून एकाच आयपी ६८च्या दोन फोनांच्या मर्यादा वेगवेगळ्या असू शकतात.

शिवाय ही चाचणी प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, तरणतलावातलं क्लोरीन, साबणाचा फेस यांचा तिच्याशी संबंध नाही. पाण्याच्या जोरदार धारेची परीक्षा वेगळी असते. तिचे आकडे ५ आणि ६, आणि बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेला फोन धारेच्या परीक्षेतही पास झाला असं त्या मानकात गृहीत धरलेलं नाही. फोनच्या सांध्यांमधलं सील वापराने आणि उष्णतेने झिजतं ते निराळंच. स्क्रीन बदलून आणलेल्या फोनवर खोक्यावरच्या आकड्याच्या भरवशाने तर राहूच नये.

कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं. सॅमसंगने ऑस्ट्रेलियात गॅलेक्सी फोनच्या जाहिरातींत लोक तरणतलावात आणि समुद्रात फोन वापरताना दाखवले. प्रत्यक्षात अशा पाण्यात भिजलेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला, तर चार्जिंग पोर्ट गंजू शकत होता. तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि जून २०२२मध्ये न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या, हे सॅमसंगने मान्य केलं. त्याआधी नोव्हेंबर २०२०मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला होता. एकीकडे फोन पाण्याला पुरून उरतो अशी जाहिरात करायची आणि दुसरीकडे द्रवामुळे झालेलं नुकसान वॉरंटीतून वगळायचं, हा दुटप्पीपणा प्राधिकरणाने नेमका पकडला. नुकसान वगळणारं हे कलम आजही बहुतेक वॉरंटी कार्डांवर असतं. आपण ते फोन बंद पडल्यावर वाचतो.

जाता जाता: भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा घरगुती उपाय भरवशाचा नाही. तांदळाच्या बारीक कणांनी फोन बिघडू शकतो, असं ॲपलच्याच मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पोर्टची बाजू खाली करून फोन हलकेच झटकावा, हवेशीर जागी ठेवावा आणि वाळेपर्यंत चार्जर लावू नये.

‘मी इन्कॉग्निटोमध्ये बघतो, कुणाला काय कळणार?’

घरातल्यांना कळणार नाही, हे खरं. क्रोम ब्राउझरची ती काळ्या रंगाची खासगी खिडकी बंद केली की त्या बैठकीतला इतिहास आणि कुकीज तुमच्या यंत्रावरून पुसल्या जातात. तिचं काम तिथेच संपतं. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसचं नेटवर्क असेल तर तिथल्या आयटी विभागाला तुम्ही आल्याची खूण दिसू शकते.

या समजाची किंमत गूगललाही मोजावी लागली. जून २०२०मध्ये अमेरिकेत काही ग्राहकांनी दावा लावला की इन्कॉग्निटो वापरतानाही गूगल आपली माहिती गोळा करतं. २०२४मध्ये तडजोड झाली आणि अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं किंवा त्यांतली ओळख पुसण्याचं गूगलने कबूल केलं. ग्राहकांना या तडजोडीत एक डॉलरही मिळाला नाही, नुकसानभरपाई हवी तर प्रत्येकाने स्वतंत्र दावा करावा असं ठरलं. त्याच वर्षी इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही बदलली. संकेतस्थळं आणि त्यांना सेवा देणारे, गूगलसह, माहिती गोळा करतच राहतील, असं आता तिथे लिहिलेलं असतं. माझ्या मते ही सूचना पहिल्या दिवसापासून तिथे असायला हवी होती.

‘काल मिक्सरबद्दल बोललो, आज मिक्सरची जाहिरात!’

हा अनुभव सांगणारा माणूस प्रत्येक घरात आहे. २०१८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून ध्वनिमुद्रण करून ते बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याची छायाचित्रं किंवा चित्रफीत गुपचूप तिसऱ्या कंपनीकडे पाठवत होती. त्यावर कुणी कुजबुजतही नाही.

जाहिरातदाराला तुमचा आवाज लागतच नाही. तुम्ही कुठे गेलात, काय शोधलंत, कोणत्या पानावर रेंगाळलात, एकाच वायफायवर आणखी कोण आहे आणि त्याने काय शोधलं, एवढ्यावर अंदाज बांधता येतो. बायकोने दुपारी मिक्सरचे भाव पाहिले, तर नवऱ्याला संध्याकाळी जाहिरात दिसू शकते. आणि ज्या शंभर विषयांवर बोलूनही जाहिरात आली नाही, ते आपल्या लक्षातच राहत नाहीत.

तरीही संशयाला थोडा आधार आहे. ‘सिरी’सारखे आवाजी मदतनीस चुकून जागे होतात आणि काही सेकंदांचं बोलणं मुद्रित करतात. गुणवत्ता तपासण्यासाठी असे तुकडे कंत्राटी माणसं ऐकत होती, हे २०१९मध्ये उघड झालं आणि ॲपलने माफी मागितली. पुढे त्यावरच्या दाव्यात जानेवारी २०२५मध्ये ॲपलने चूक कबूल न करता साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली. तेव्हा मायक्रोफोनची परवानगी कोणकोणत्या ॲपला दिली आहे, ते सेटिंगमध्ये जाऊन पाहावंच. ॲप मायक्रोफोन वापरत असताना अलीकडच्या आयफोनवर नारिंगी आणि अँड्रॉइडवर हिरवी खूण स्क्रीनच्या वरच्या बाजूला दिसते.

‘नवीन फोन घ्यावा म्हणून अपडेट देऊन जुना स्लो करतात’

यात निम्मं तथ्य आहे. २०१७मध्ये ॲपलने अपडेटमधून जुन्या आयफोनचा कमाल वेग खरोखरच कमी केला होता, आणि ग्राहकांना ते धड सांगितलं नव्हतं. कारण तांत्रिक होतं: झिजलेली लिथियम-आयन बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. डिसेंबरमध्ये चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध होऊन प्रकरण पेटलं, तेव्हा ॲपलने माफी मागून अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला, तो ही माहिती दडवल्याबद्दल. म्हणजे कारण खरं होतं, पण बॅटरी बदलून जे काम भागलं असतं त्यासाठी किती जणांनी नवा फोन घेतला असेल! जुना फोन रेंगाळायला लागला तर आधी सेटिंगमध्ये बॅटरीची अवस्था पाहा.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा सल्लाही निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला. लिथियम-आयनला शून्यावर नेणं उलट जाचक ठरतं. तिचा खरा शत्रू उष्णता.

‘१२८ जीबी सांगून ११९च दिले’

इथे कुणी काही चोरलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. ब्रॉडबँडचं तसंच: ‘१०० एमबीपीएस’मधले एमबी म्हणजे मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून डाउनलोड जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने होतं. दोन्ही हिशेब बरोबर असतात. जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा निवडला जातो, एवढंच.

‘खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आता तक्रार कशी करणार?’

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२पासून भारतात मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. वर केलेला मुख्य दावा खालच्या अटीतून खोडून काढता येत नाही, महत्त्वाची माहिती तिथे लपवता येत नाही. अट ठळक दिसली पाहिजे, आणि ज्या भाषेत दावा त्याच भाषेत ती असली पाहिजे. मराठी जाहिरातीच्या तळाशी फक्त इंग्रजीत चार ओळी चिकटवणं या नियमात बसत नाही. अशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर कळवा. तक्रार मराठीतही नोंदवता येते.